रक्त कोठून आलें?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींतील ही गोष्ट. वैशाखांतील एका सकाळीं पिंजऱ्याखालचें वर्तमानपत्र बदलावें म्हणून आम्ही दोघें भावंडें ओसरीवर गेलों, तों कागदावर तांबडे ठिपके दिसले. चार-पांचच होते, पण अजून ओले होते. आमची चिंगी कोपऱ्यांत अंग फुगवून बसली होती. एरवीं आमची चाहूल लागतांच शीळ घालणारा हा जीव त्या दिवशीं जागचा हललाही नाहीं.

चिंगी ही गिनीपिग. नांवांत 'पिग' असला तरी डुकराशीं या प्राण्याचें नातें नाहीं, आणि गिनी देशाशींही नाहीं. तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताकडचा. तेथील लोकांनीं त्यास हजारों वर्षांपूर्वीं माणसाळविलें. आमच्या घरीं ती आदल्या दिवाळींत नागपुराहून पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून आली. पुलगांवच्या स्टेशनावर उतरल्यापासून घरीं पोहोंचेपर्यंत "हा उंदीर कीं ससा?" या एकाच प्रश्नास आम्हांस किती वेळां उत्तर द्यावें लागलें याची गणती नाहीं. वस्तुतः तो प्रश्न आम्हींच स्वतःला नीट विचारावयास हवा होता. पण तें पुढें येईल.

आम्हीं तिचे केस विंचरून पाहिले, पाय पाहिले, कान पाहिले. जखम म्हणून कोठें नव्हती. आजीनें शेजारच्या बोक्यावर संशय घेतला. परंतु पिंजऱ्याची जाळी शाबूत होती. मग आमची दृष्टि बाळूकडे वळली. हा आमचा आर्वीचा मामेभाऊ, वय वर्षें सहा, सुटीला आलेला. चिंगीला उचलूं नकोस अशी त्यास सक्त ताकीद होती, आणि आदल्याच संध्याकाळीं त्यानें तिला छातीशीं धरलेलें ताईनें पाहिलें होतें. आम्हांस एवढा पुरावा पुरेसा वाटला.

"तूंच पाडलीस तिला."

"मी नाहीं पाडली."

त्यानें हें तीन वेळां सांगितलें, आणि तिन्ही वेळां आम्हीं तें खोटें मानलें. दुपारीं तो जेवला नाहीं. माजघराच्या दाराआड भिंतीकडे तोंड करून बसला होता. दुसऱ्या दिवशीं मामा आले आणि त्यास घेऊन गेले. जातांना त्यानें पिंजऱ्याकडे पाहिलें नाहीं. आम्हांस तेव्हां तीही अपराधाची खूणच वाटली!

तिसऱ्या दिवशीं ठिपके वाढले. चिंगी खावयास तोंड लावी आणि मागें घेई. अखेर बाबा तिला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले. आम्हीही मागोमाग गेलों. दवाखान्याच्या अंगणांत एक बैल, दोन शेळ्या आणि आमची टोपली असा समाज जमला होता. डॉक्टरांनीं चिंगीला तळहातावर घेतलें आणि प्रश्न सुरू केले.

"बीट खायला घातलें होतें काय?" बीटानें लघवी तांबडी होते आणि लोक उगाच घाबरतात, असें ते म्हणाले. नव्हतें घातलें. "घरांत उंदरांचें औषध ठेवलें आहे?" त्या औषधांपैकीं पुष्कळांनीं रक्त गोठेनासें होतें आणि जनावर आंतल्या आंत स्रवूं लागतें. तेंही नव्हतें. मग त्यांनीं पोट हलकेच चाचपलें. या प्राण्यास मूत्राशयांत खडे होतात, मादीस गर्भाशयाचे विकार होतात, आणि दोहोंतही रक्त दिसतें. पण हातास तसें कांहीं लागलें नाहीं. मग त्यांनीं बोटानें तिचा ओठ वर केला. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. कापूस लावतांच तो लाल झाला. मागच्या पायाचा गुडघा दाबला, तशी ती किंचाळली.

"हिला काय खायला देतां?"

आम्हीं अभिमानानें सांगितलें : सशांसाठीं मिळणारें गोळीखाद्य, वाळलेलें गवत, भिजविलेले हरभरे. दुकानदारानेंच सांगितलें होतें कीं ससा काय आणि ही काय, खाणें एकच. हिवाळ्यांत कोथिंबीर, पालक, संत्र्याची फोड असें मिळत असे. होळीनंतर भाजी महागली, उन्हानें गवत करपलें, आणि तें बंद झालें.

डॉक्टर थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "ससा आपलें क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरांत तयार करतो. हिला तें करतां येत नाहीं. तुम्हांलाही येत नाहीं. हिला स्कर्व्ही झाला आहे."

स्कर्व्ही! खलाशांचा रोग म्हणून हा शब्द आम्हीं शाळेंत पाठ केला होता. वास्को द गामाच्या गलबतांवरील कित्येक माणसें ज्या रोगानें मेलीं, तो रोग वर्धा नदीच्या कांठीं आमच्या ओसरीवर येऊन बसला होता. क जीवनसत्त्वावांचून शरीरांत कोलॅजेन नीट तयार होत नाहीं, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना तेंच बांधून धरीत असतें. तें सैल झालें कीं रक्त वाट मिळेल तेथून झिरपतें. जखम शोधून सांपडणार कोठून?

पुढें वाचतांना आम्हांस एक मौजेची गोष्ट कळली. १९०७ सालीं नॉर्वेंतील होल्स्ट आणि फ्रोलिश हे दोघे शास्त्रज्ञ खलाशांच्या बेरीबेरीसारख्या एका रोगाचा शोध करीत होते. त्यांनीं गिनीपिगांस नुसत्या धान्यावर ठेवलें. बेरीबेरी होईल अशी अपेक्षा, झाला स्कर्व्ही! ताजा कोबी किंवा लिंबाचा रस दिला कीं तो हटे. त्यांनीं उंदीर घेतले असते तर कांहींच दिसलें नसतें, कारण उंदीरही हें सत्त्व घरचें घरींच करतो. १९३२ मध्यें सेंट-ग्यॉर्गी व स्विर्बेली यांनीं हेक्झुरॉनिक अम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व हें दाखविलें, तेंही गिनीपिगांवरच प्रयोग करून. पुढें सेंट-ग्यॉर्गींनीं तें हंगेरीच्या तांबड्या मिरचींतून विपुल काढलें, आणि १९३७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मिरचीचें माहात्म्य आम्हां विदर्भवासीयांस परक्यानें सांगावें, ही नवलाची गोष्ट खरी.

चिंगीचा उपचार अगदीं साधा होता. गोळी कुटून, पाण्यांत कालवून, बिनसुईच्या पिचकारीनें तोंडाच्या कडेनें रोज पाजावयाची. पाण्याच्या बाटलींत टाकून ठेवावयाची नाहीं, कारण तेथें सत्त्व लवकर नासतें. शिवाय ढोबळी मिरची व कोथिंबीर. गिनीपिगांचें खास खाद्यही जुनें झालें किंवा उन्हांत राहिलें तर त्यांतील सत्त्व उडतें, असें डॉक्टरांनीं बजावलें. आमचें पोतें टिनांखालच्या माळ्यावर होतें, हें आम्हीं त्यांस सांगितलें नाहीं. आठव्या दिवशीं कागद कोरा निघाला. दहाव्या दिवशीं शीळ ऐकूं आली. मागचा डावा पाय मात्र अजूनही ती किंचित् ओढते.

शीळ ऐकली त्याच संध्याकाळीं आम्हीं आर्वीस फोन लावला. बाळूशीं बोलावयाचें वाक्य आम्हीं आधीं दोनदां म्हणून पाहिलें होतें. त्यानें तें सर्व ऐकून घेतलें, आणि एवढेंच विचारलें, "ती वांचली का?"

दिवाळींत तो आला तेव्हां मामांच्या पिशवींत अंबिया बहाराचीं संत्रीं होतीं. बाळूनें एक सोललें, फोडीवरच्या शिरा काढल्या, बीं काढली आणि ती पिंजऱ्याच्या दारांत ठेवून तो दोन पावलें मागें सरला. आम्ही म्हटलें, "घे ना तिला." त्यानें दोन्ही हात पाठीमागें बांधले होते. चिंगी पाय ओढीत दारापर्यंत आली आणि फोड खाऊं लागली; तो तसाच हात बांधून पाहत उभा राहिला.