पेन्शनचा फोटो

आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा जन्मतारीख कुणाच्या लक्षात होती? आजोबांनी ‘दुष्काळाच्या आदल्या साली, पेरणीच्या सुमारास’ असं काहीतरी सांगितलं आणि गुरुजींनी शाळा उघडायचा महिना धरून १ जून लिहून टाकली. गुरुजींच्या त्या टाकाची किंमत पन्नास वर्षांनी कळली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. त्यामुळे ३१ मेला जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं घाऊक पेन्शनीत निघायची. शिक्षकांची तऱ्हा आणखी वेगळी. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून निरोपसमारंभ एप्रिलमध्येच उरकलेला असे. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, दोन भाषणं आणि पत्रिकेत छापलेला ‘सपत्नीक सत्कार’. मग खुद्द ३१ तारखेला मास्तर घरीच बसून असत, गंजीफ्रॉकवर.

त्या सत्कारात आमच्या आया खुर्चीच्या कडेवर बसायच्या, नारळ कुठल्या हातात धरावा हे न कळून. भाषणांत त्यांचा उल्लेख ‘सौ. वहिनींची साथ’ एवढाच. साथ म्हणजे काय होती, याचा हिशेब तिथं कुणी मांडला नाही.

पेन्शन हा शब्द आम्ही फार लहानपणी ऐकला. आत्याचं, मावशीचं लग्न जमवताना ‘पगार बेताचा आहे, पण नोकरी पेन्शनीची आहे’ असं सांगितलं की पुढची बोलणी सुरू व्हायची. पिंपरीच्या कारखान्यातला मुलगा जास्त मिळवायचा, त्याला कँटीन आणि दिवाळीला बोनसही होता, तरी पारडं पंचायत समितीच्या कारकुनाकडं झुकायचं. पूर्ण पेन्शनला तेव्हा ३३ वर्षं नोकरी भरावी लागे. पूर्ण पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या जेमतेम निम्मी. पंचविशीतल्या नवऱ्यामुलाकडं बघून साठीतलं गणित मांडणाऱ्या त्या माणसांचा आता अचंबा वाटतो. तेव्हा हे सगळ्यांना जन्माबरोबरच कळतं, असं वाटायचं.

पगार हातात येण्याआधीच कापला जायचा तो जीपीएफ. वर्षातून एकदा त्याची स्लिप यायची आणि वडील चष्मा पुसून ती वाचायचे. महागाई भत्ता वाढला की फरक रोखीत मिळेल अशी आशा लागायची आणि सरकार तो बहुतेक वेळा जीपीएफमध्ये ढकलायचं. चौथा वेतन आयोग १९८६ पासून आणि पाचवा १९९६ पासून लागू झाला. दोन्ही वेळी आमच्या घरात रंगीत टीव्हीची चर्चा झाली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शतक संपेपर्यंत या पैशावर बारा टक्के व्याज मिळालं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती आपल्याकडं संशयानं बघतात. अर्थात ते व्याज साठत राहिलं असं नाही. ताईचं लग्न आलं की ‘नॉन-रिफंडेबल’ काढायचं, वरचा मजला चढवायचा तर पुन्हा काढायचं. हप्ते फेडायला नकोत म्हणून सगळे खूश. शेवटी निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम म्हणजे लग्नांतून उरलेला ऐवज.

या साऱ्याच्या खाली एक दुसरी बचत चालायची, तिची स्लिप कधी आली नाही. १९७२ पासून सरकारची महिला प्रधान बचत योजना होती. बायकांनीच एजंट व्हायचं आणि दारोदार जाऊन पोस्टाच्या आरडीचे पैसे गोळा करायचे. आमच्या कॉलनीत अशा एक बाई महिन्याच्या सात-आठ तारखेला यायच्या, पगाराची ऊब असताना. दहा-वीस रुपयांचा हप्ता, पाच वर्षांची मुदत, पासबुक बहुधा बाईंकडंच. वडिलांना ठाऊक असायचं, पण विचारायची पद्धत नव्हती. आईनं पोटाला चिमटा घेऊन भरलेली आरडी सुटली की तिची किसान विकासपत्रं व्हायची. १९८८ साली ती निघाली तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट असा वायदा होता. त्याच्या थोडं आधी इंदिरा विकासपत्रंही आली होती, पाच वर्षांत दुप्पट देणारी, पण त्यांच्यावर नावच नसायचं. ज्याच्या हातात त्याची. घरातल्या बायकांना तीच जास्त आवडत, आणि का, ते सांगायला नको.

आता फोटोचं. निवृत्तीला वर्षभर उरलं की ‘पेन्शनची केस’ तयार करायची धांदल सुरू व्हायची. सेवापुस्तक पडताळून घ्या, कुठल्या तालुक्यातली कुठल्या सालची नोंद राहिली ती पूर्ण करा, ना-देय दाखले मिळवा. कागदांच्या त्या गठ्ठ्यात एक कलम असायचं : पती-पत्नीचं संयुक्त छायाचित्र. लग्नातल्या काळ्यापांढऱ्या फोटोनंतर दोघांनी एकत्र काढलेला हा बहुतेक घरांतला पहिलाच फोटो. मधल्या तीस वर्षांत मुलांचे फोटो झाले, वास्तुशांतीचे झाले. त्यांत आई स्वयंपाकघराच्या दारात नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागं. आता मात्र स्टुडिओवाला म्हणायचा, “काकू, जरा जवळ सरका, फ्रेममध्ये येत नाही.” काकू इंचभर सरकायच्या. “आणखी.” मग काका खाकरायचे. हसू आलं तर साहेब साक्षांकित करतील की नाही, ही शंका दोघांच्याही चेहऱ्यावर. आम्ही पडद्याआडून बघत होतो आणि फिदीफिदी हसत होतो.

फोटोबरोबर उंची लागायची, अंगठ्याचे ठसे लागायचे आणि ओळखीच्या खुणा लागायच्या. आईच्या ओळखीची खूण काय लिहायची, यावर जेवणं थांबलेली मला आठवतात. वडिलांनी सेवापुस्तकात स्वतःच्या उजव्या भुवईवरचा व्रण केव्हाच नोंदवलेला होता. आईच्या बाबतीत ते नुसते बघत राहिले. शेवटी तिनंच पदर सरकवून मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला. “हा कधीचा?” या प्रश्नावर ती काही बोलली नाही. कारकुनानं सुवाच्य अक्षरात तो डाग सरकारदरबारी दाखल केला.

पेन्शन सुरू झाली की आधी ती विकायची. अंशराशीकरण हा कागदावरचा शब्द, बोलण्यात ‘पेन्शन विकली’. तिसरा हिस्सा विकून एकरकमी पैसे घ्यायचे, त्यात घराचं काम पुरं करायचं आणि पंधरा वर्षांनी तो हिस्सा पुन्हा चालू व्हायचा. अठ्ठावन्नात पंधरा मिळवा. त्र्याहत्तरावं वर्ष गाठायचंच, अशी ईर्ष्या मी त्या पिढीच्या पुरुषांत पाहिली आहे. मॉर्निंग वॉक, कोमट पाणी, रात्री फक्त भाकरीचा तुकडा. डॉक्टरांनी सांगून जे झालं नसतं ते कोषागाराच्या नियमानं करून घेतलं. पेन्शन ही सरकारची खैरात नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं डी. एस. नाकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी बजावलं. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. पेन्शनर संघांच्या सभांत त्या तारखेचा पेन्शनर दिन साजरा होतो. वडील त्या सभांना नेमानं जात आणि येताना चिवड्याची पुडी आणत.

नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्याचा. बँकेत याद्या यायच्या आणि आपल्या नावासमोर सही करायची. सही आपली झाली तरी माणूस यादीवरून बोट फिरवत बसायचा, कुणासमोरची जागा कोरी राहिली ते बघत. एका नोव्हेंबरात त्या रांगेत वडिलांच्या जागी आई उभी राहिली. आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत हे असंच झालं, कारण आया वयानं लहान होत्या आणि चिवट होत्या. कुटुंब निवृत्तीवेतन मूळ पगाराच्या तीस टक्क्यांच्या आसपास. रक्कम डोळे दिपावेत अशी नव्हे. पण पासबुकावर एकटं तिचं नाव होतं. ज्या बाईनं आयुष्यभर भाजीच्या पैशांतून आठ आणे बाजूला काढले, ती सत्तराव्या वर्षी नातवाची फी भरू लागली, भाऊबिजेला भावालाच शर्टपीस देऊ लागली, आणि कुठल्या मुलाकडं किती दिवस राहायचं हे स्वतः ठरवू लागली. आमच्या वाट्याला जी आई आली ती वडिलांच्या पेन्शनीनं घडवलेली होती, असं माझं ठाम मत आहे. त्या दाखल्यात विधवेकडून हेही लिहून घेतात : मी पुनर्विवाह केलेला नाही. दरवर्षी खिडकीपाशी त्या ओळीखाली सही करताना आई आणि तिच्या मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसायच्या. “लिहा, अजून विचार चाललाय म्हणून,” असं एकीनं एकदा कॅशियरला सांगितलं होतं.

हे सगळं सुख मोजक्याच दारांवर थांबत होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर ही आठवण खोटी होईल. आमच्याच आळीत मुंबईच्या गिरणीतून परत आलेले एक काका होते. गिरणीत पेन्शन नव्हती. १९७१ची एक कुटुंब पेन्शन योजना होती, पण ती नोकरीत असताना कामगार गेला तर मागच्यांसाठी. जिवंत कामगाराला पेन्शन मिळू लागली ती १६ नोव्हेंबर १९९५च्या योजनेपासून, आणि १९८२च्या संपानंतर जे गिरणीत परत गेलेच नाहीत त्यांना तिचा काय उपयोग? पुढं त्या योजनेतही किमान पेन्शन हजार रुपये व्हायला २०१४ उजाडलं. काकांनी आयुष्यभर केलेलं काम वडिलांच्या फायलींपेक्षा जड होतं, तरी म्हातारपणी त्यांच्या बायकोला पैशासाठी सुनेच्या तोंडाकडं बघावं लागलं.

दुकानदार, वकील, खासगी शाळांतले आणि छोट्या कारखान्यांतले लोक यांच्यासाठी १९६८ साली पीपीएफ आला. पंधरा वर्षांची कोंडी, पण कोर्टाची जप्ती येत नाही, एवढ्यावर व्यापारी खूश. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरलं तरच त्या महिन्याचं व्याज, म्हणून चार तारखेला आमचा किराणावाला दुकान मुलावर सोडून सायकलनं बँकेत जायचा. बारा टक्क्यांचं ते व्याज आज ७.१ वर आलं आहे. सायकल गेली, मुलगा मोबाइलवरून भरतो, पण ५ तारीख त्याच्याही डोक्यात पक्की आहे.

आमच्यानंतरच्या भावंडांची गोष्ट १ नोव्हेंबर २००५ला फिरली. त्या दिवसापासून राज्याच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, पगारातून दहा टक्के कापून अंशदान, आणि पुढं बाजार देईल ते. एकाच शिक्षक-खोलीत एकाच टेबलावर डबा खाणारे दोन जातींचे मास्तर झाले. मार्च २०२३च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत रस्त्यावर उतरलेल्यांत माझा चुलतभाऊ होता, आणि टीव्हीवर ते बघत ‘यांची पेन्शन आमच्या करातून’ म्हणणारा मावसभाऊही आमच्याच घरातला. दोघांचंही खरं आहे, म्हणून दिवाळीत तो विषय काढत नाहीत. केंद्रानं १ एप्रिल २०२५ पासून नवी एकत्रित योजना आणली. तिच्यात पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला पेन्शनच्या साठ टक्के मिळतात. पुरुष मंडळी पहिला आकडा वाचतात, पन्नास टक्क्यांचा. मी आधी तो साठाचा शोधला.

गेल्या वर्षी आमच्याकडं घरकामाला येणाऱ्या ताईंनी बँकेतून अटल पेन्शन योजनेचा अर्ज आणला. मे २०१५ पासूनची ही योजना. वय अठरा ते चाळीस हवं, साठीनंतर महिना हजार ते पाच हजारांपर्यंत पेन्शन. अठराव्या वर्षी सुरू केलं तर हजाराच्या पेन्शनला महिना ४२ रुपये, चाळिशीत २९१. ताईंची चाळिशी काठावर होती. आईनं तिचा जुना चष्मा लावून अर्ज वाचून दाखवला आणि तिथं ती एकदम रंगात आली, कारण जोडीदाराचं नाव इथंही होतं. वर्गणीदार गेला की तेवढीच पेन्शन नवरा किंवा बायको यांना चालू राहते, आणि दोघंही गेल्यावर साठलेली रक्कम वारसाला.

“म्हंजी माझ्या मागं पेन्शन त्याला?” ताईंनी विचारलं. “जित्तेपणी पाजला, आता मेल्यावर बी मीच पाजायचा?”

आई म्हणाली, नियम आहे, नवऱ्याचं नाव टाळता येत नाही.

“मग टाका. पण त्याच्या आधी मरायची न्हाई मी,” ताई म्हणाल्या. “आन् खाली वारस म्हणून पोरीचं नाव मोठ्या अक्षरात लिवा.”