ओल

खालचा कप्पा उघडला आणि कुबट वास आला. जुन्या दिवाळी अंकांची चळत ओढली, तर तळचे अंक एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. मागच्या भिंतीवर रंगाचा फुगा आलेला. बोटाने दाबला तसा तो फुटला आणि आतून पांढरी भुकटी सांडली. पाणी झिरपून सुकतं आणि भिंतीतले क्षार असे वर आणून ठेवतं. भिंतीपलीकडे न्हाणीघर. म्हणजे आता प्लंबर येणार आणि "टाइल्स फोडाव्या लागतील साहेब" म्हणणार.

मामा असता तर त्याने फोडू दिलं नसतं. तो महापालिकेच्या पाणी खात्यात होता, गळती शोधायच्या कामावर. शाळेत असताना एका रात्री मी हट्टाने त्याच्याबरोबर परळला गेलो. रस्ता सामसूम. मामाने लोखंडी सळई रस्त्यावर टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि हाताने मला गप्प केलं. काम रात्रीचंच, दिवसा बस-ट्रकच्या धडधडीत काय ऐकू येणार? आणि तेही त्या भागाला पाणी सोडलेलं असेल तेव्हाच. पाणी बंद झालं की फुटका पाइप गप्प होतो, वर आजूबाजूची घाण आत ओढून घेतो.

मग त्याने माझा कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. "सुस्स होतंय बघ," तो म्हणाला. पण तेवढ्यावर त्याचंही समाधान नव्हतं. समोरच्या चाळीची टाकी भरत असली तरी तसाच आवाज येतो. टाकी भरेपर्यंत आम्ही फुटपाथवर बसून राहिलो. आवाज थांबला नाही, तेव्हा मामाने खडूने रस्त्यावर फुली मारली.

मुंबईच्या गळतीत पुणं आणायचं तसं कारण नाही, पण नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात जमिनीखालून पाणी आणलं, तेव्हा त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून हवा बाहेर पडे, आणि आत डोकावून पाणी कुठवर नीट येतंय तेही कळे. अठराव्या शतकातली ही सोय. आमच्या बिल्डरने सगळे पाइप भिंतीत गाडून वर इटालियन दिसणाऱ्या टाइल्स डकवल्या. कन्सील्ड म्हणे! हा शब्द ब्रोशरमध्ये ज्याने घातला, त्याच्या घरी पावसाळाभर छत गळो.

मामाच्या स्वतःच्या घरातला नळ मात्र कायम ठिबकायचा. वॉशर दोन मिनिटांचं काम, पण घरी आल्यावर पाण्याचं नाव काढायचं नाही, हा त्याचा नियम. ठिबक ऐकली की त्याला झोप येत नसे, म्हणून मामीने नळाच्या तोंडाला सुतळी बांधली होती. थेंब सुतळीवरून घरंगळत बादलीत उतरायचा, आवाज न करता. त्या बादलीवर मामी रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची.

"ओल दिसते तिथे गळत नसतं," हे मामाचं वाक्य. ओल दिवसभर सारखीच राहिली तर नळाच्या पाइपवर संशय घ्यायचा, आंघोळी झाल्यावर वाढली तर सांडपाण्याच्या. मी पेन्सिलीने डागाभोवती रेघ मारली आणि पाळत ठेवली. आमच्या आंघोळींनी रेघ ओलांडली नाही. वरच्यांच्या आंघोळींनी ओलांडली.

वरच्या गृहस्थांवर माझा जुना राग. गॅलरी धुताना ते बादली सरळ ओततात. आमचे पापड दोनदा गेलेत. तेव्हा मी नीळ घेऊन ऐटीत वर गेलो. तुमच्या मोरीत हे ओततो, माझी भिंत निळी होते का बघू, असं सांगणार होतो. त्यांनी एक अक्षर न बोलता मला बेडरूममध्ये नेलं. तिथेही तसाच फुगा. त्यांचा संशय त्यांच्या वरच्यांवर. नीळ घेऊन आम्ही दोघं वर गेलो, तर तिथल्या काकूंनी मोबाइलवर आपल्या भिंतीचे फोटो तारीखवार काढून ठेवलेले.

म्हणजे डक्टमधला सामायिक पाइपच गळत असणार. आदर्श उपविधींप्रमाणे घरातली गळती ज्याची त्याची, बाहेरच्या सामायिक पाइपाची सोसायटीची. काकूंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, तिघांनी सह्या केल्या आणि चहा झाला. पापडांचा विषय मी काढलाच. सेक्रेटरी देवगडला गेलेत, आंबा उतरवून येणार.