डोंगरावरचा कंदील

माघी पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर मुक्कामाला निघालो की शेजारचे हमखास विचारतात, "पुनवेला कंदील कशाला घेतोस?" ज्यांनी डोंगरावर एक तरी रात्र काढली आहे ते हा प्रश्न विचारत नाहीत. चांदणं असतं ते वर. ताडपत्रीखाली, ट्रॉलीच्या आडोशाला आणि चुलीच्या धुरात काळोखच असतो.

आमच्या घरी ही अहेव पुनव, सौ.च्या माहेरी बैलहोंगलला भारत हुण्णिमे. आम्ही पडली भरतो, ते पडलगी तुंबतात. आमची पुरणपोळी, त्यांची होळगी. यल्लम्मा दोघांची एकच आणि कंदील हा शब्दही दोन्ही घरांत एकच. बेळगावहून टेंपो करायचा, बैलहोंगलला सासरची मंडळी चढवायची, जोगुळभावीला आंघोळ करून सत्यम्माचं दर्शन घ्यायचं आणि मग डोंगर, हा क्रम माझ्या वडिलांनी घालून दिलेला.

कंदीलही त्यांचाच, १९९४ साली घेतलेला. हिरव्या प्लॅस्टिकचा, वर तारेची कडी, पोटात चार मोठे सेल आणि काचेसारख्या रेघारेघांच्या प्लॅस्टिकमागे एक बल्ब. पहिली रात्र झकास जायची. दुसऱ्या रात्री बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. अशाच एका दुसऱ्या रात्री, तीन वर्षांपूर्वी, आई शेजारच्या तंबूच्या दोराला अडखळून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण पुढच्या माघात ती म्हणाली, "मी येत नाही बघ. तुम्ही जावा."

त्या वर्षी आम्ही गेलो. पुरण सौ.ने घातलं, सासूबाईंनी पडली भरली, सगळं यथासांग झालं. तरी परतताना टेंपोत कुणी फारसं बोललं नाही.

नवा चार्जिंगचा कंदील आणतो म्हटलं तर आईला तो नको होता. "त्यांचा आहे तो. टाकू नको." मलाही ते पटलं, आणि ते फक्त आठवणीपोटी नव्हे. तंबूत प्लग कुठला? मोठे सेल मात्र बैलहोंगलहून निघतानाही घेता येतात. तेव्हा कंदील तोच ठेवून आतला दिवा बदलायचं ठरवलं.

जुना बल्ब साधारण तीन वॅट खायचा आणि त्यातला बहुतेक भाग उष्णतेतच घालवायचा. एक वॅटची चांगली एलईडी त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड देते. पण बल्ब काढला आणि एलईडी घातली, इतकं ते सोपं नाही. चार सेलचे सहा व्होल्ट, एलईडीला लागतात तीनच्या आसपास. उरलेले तीन रेझिस्टर तापवण्यात जाणार, म्हणजे चारातले दोन सेल फुकट. म्हणून तीनच सेल ठेवले आणि चौथ्या खणात सेलच्या मापाचा सागवानी ठोकळा बसवला, त्याच्या दोन्ही तोंडांना जोडणारी तांब्याची पट्टी लावून. साडेचार व्होल्टला ४.७ ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर पुरला. एलईडीही तापते, म्हणून ती जुन्या अॅल्युमिनियमच्या डब्याचं झाकण कापून त्यावर बसवली. पहिल्यांदा लावली तर अंधारच! बल्बला सेल कसेही घाला, तो पेटतो. एलईडीला अधिक-उणे कळतं. तारा उलट केल्या.

गच्चीवर नेऊन दाखवला तर आईने डोळ्यांवर हात धरला. मोतीबिंदूमुळे तिला दिव्याभोवती वलयं दिसतात, आणि खडेबाजारातून मी आणलेली एलईडी होती निळसर पांढरी. तिने भंडाऱ्याची वाटी कंदिलाजवळ धरली. "हिरवट दिसायलाय रे. दवाखान्यातला उजेड हा."

"अत्ती हेळूदु खरे अद री," सौ. म्हणाली. दोघींपुढे माझं काय चालणार?

पुन्हा दुकान गाठलं. पिवळसर, म्हणजे वॉर्म व्हाइट एलईडी मागितली. तेव्हा नीट पाहिलं. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा प्रकाश असतो आणि वर पिवळा लेप. दोन्ही मिसळून पांढरा होतो. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. वॉर्म व्हाइटमध्ये लेपच निळा भाग जास्त गिळतो, म्हणून उजेड थोडा कमी पण डोळ्यांना निवांत. न पेटलेल्या एलईडीवर तो लेप भंडाऱ्याच्या टिकलीसारखा दिसतो, हे मी आईला दाखवलं. ती हसली, बोलली काही नाही.

एक अडचण उरली होती. बल्ब चहूकडे उजेड देतो, एलईडी फक्त समोर. ती तळाशी वर तोंड करून बसवली, टोपणाला आतून पांढरा रंग दिला आणि प्लॅस्टिकच्या आत बटर पेपरची गुंडाळी घातली. डोळ्यांत घुसणारा ठिपका गेला, सगळा कंदीलच उजळला.

गेल्या माघात आई आली. पहिल्या रात्री आमच्या ताडपत्रीत पुरण वाटलं जात असताना पलीकडच्या तंबूतल्या एक बाई "स्वल्प कंदील कोडतीरेनु?" म्हणत आल्या, त्यांच्या सुनेचं जोडवं गवतात पडलं होतं. सापडलं. दुसऱ्या रात्री मी सारखा कंदिलाकडे बघत होतो. उजेड थोडा मंदावला होता, रंग तोच होता. सेल उतरले की तो हळूहळू कमी होतो, दगा देत नाही.

पहाटे साडेतीनला कशाने तरी जाग आली. उदो उदोचा गजर चालला होता. उशाशी कंदील नव्हता. बाहेर आलो तर आई आणि सौ. एण्णेहोंडाकडे आंघोळीला निघाल्या होत्या. कंदील आईच्याच हातात होता, मोडलेल्याच. ती तो खाली, गुडघ्याजवळ धरून चालत होती आणि वाटेतला प्रत्येक दोर सौ.ला दाखवत होती, "हे बघ, इथं एक. हा आणि एक."