लखनौला गेलात तर रायबरेली रोडलाही जा

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस पकडलीत की साधारण चोवीस तासांनी तुम्ही लखनौला उतरता. बाहेर पडल्यावर आधी मागे वळून चारबाग स्टेशनची लाल-पांढरी इमारत बघा. घुमट, छत्र्या, कमानी. कुणा नवाबाचा वाडाच वाटेल. मग बडा इमामबाडा, भुलभुलैया, रूमी दरवाजा, चौकातले कबाब आणि थंडी असेल तर फेसासारखी हलकी मक्खन मलाई. हे सगळं कराच. पण घरात बारावीचं किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाचं मूल असेल, तर अर्धा दिवस राखून ठेवा आणि शहराच्या दक्षिणेला रायबरेली रोडला जा.

तिथे बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ आहे. राज्याचं नव्हे, केंद्रीय विद्यापीठ. त्याचा कायदा संसदेने १९९४ साली केला आणि १० जानेवारी १९९६ रोजी ते सुरू झालं. मराठी माणूस हे साल वाचून जरा थांबतो. त्याच १९९४ च्या १४ जानेवारीला आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. विधिमंडळाने ठराव केला होता १९७८ मध्ये. मधली जवळपास सोळा वर्षं मोर्चे, जाळपोळ, उद्ध्वस्त झालेली घरं आणि गेलेले जीव यांची आहेत. आपल्याकडे ज्या नावासाठी एवढं घडलं, त्याच नावाचं नवं विद्यापीठ त्याच वर्षी लखनौसाठी कागदावर आलं.

पण या विद्यापीठात बघण्यासारखी गोष्ट नावाची नाही, जागांची आहे. इथे प्रवेशाच्या ५० टक्के जागा अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. इतर बहुतेक केंद्रीय विद्यापीठांत हे प्रमाण अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना साडेसात, म्हणजे मिळून साडेबावीस टक्के. चाळीस जणांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. इतर ठिकाणी त्यात अशी नऊ मुलं असतील, इथे वीस. नऊ जणांतल्या एखाद्याला ‘तू कोट्यातला का रे?’ असं विचारून गप्प करता येतं. वर्गच अर्धा असेल तर विचारणारा जरा विचार करूनच तोंड उघडेल. मला तरी या विद्यापीठाचं मोठेपण आधी इथे दिसतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. प्रवासात, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो कुणीतरी विचारतोच: ‘मग दर्जाचं काय?’

लखनौमध्येच याचं उत्तर शोधता येतं, कारण तुलनेला शेजारी लखनौ विद्यापीठ आहे. ते १९२० सालचं, आणि त्याची मुळं १८६४ च्या कॅनिंग कॉलेजपर्यंत जातात. गोमतीकाठची त्याची जुनी इमारतही बघून या. ‘नॅक’ ही संस्था विद्यापीठांचं अध्यापन, संशोधन, सोयी, कारभार असं सगळं तपासून श्रेणी देते. चारपैकी ३.५१ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर सर्वांत वरची ‘ए प्लस प्लस’. लखनौ विद्यापीठाला ती २०२२ मध्ये मिळाली. रायबरेली रोडच्या या तरुण विद्यापीठानेही तीच श्रेणी मिळवली आहे. अर्ध्या जागा राखीव ठेवून.

अर्थात, श्रेणीची पाटी पाहून भुलू नका. ती संस्थेची असते, तुमच्या मुलाच्या विभागाची नव्हे. आणि घरी एक गोष्ट नीट समजावून सांगा. राखीव जागा प्रवेशाच्या दारापाशी असते. त्यासाठीही सीयूईटी ही सामाईक परीक्षा द्यावी लागतेच, आणि आत गेल्यावर पेपर सगळ्यांना एकच, पास होण्याचे गुणही तेच.

एक तक्रार मात्र खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात आरक्षणाला साधारण ५० टक्क्यांची मर्यादा घातली. इथे तो अर्धा वाटा आधीच भरलेला. मग ओबीसी विद्यार्थ्यांना इतर केंद्रीय विद्यापीठांत मिळतो तो २७ टक्क्यांचा वाटा कुठून आणायचा? त्यांना उरलेल्या अर्ध्यात सगळ्यांशी स्पर्धा करावी लागते. यावरून वाद झाले, आंदोलनं झाली. दोन्ही बाजूंची मुलं गरीब घरांतली असू शकतात, म्हणून हा वाद ऐकताना चटकन कुणा एकाची बाजू घेता येत नाही.

अमेरिकेत तर याच मुद्द्यावर उलटा फेरा आला. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या सार्वजनिक विद्यापीठाची वंश लक्षात घेऊन प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. ज्या देशातल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर शिकायला गेले, तो हा देश.

संध्याकाळी गोमतीनगरच्या आंबेडकर पार्कात जा. दगडी हत्तींच्या रांगांपुढे मुलं फोटो काढत असतात. लखनौत आपल्याकडची माणसं अशी भेटत राहतात. इथल्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाला मध्यंतरी छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव दिलं होतं. सरकारं बदलली तसं ते निघालं, पुन्हा लागलं, आणि २०१२ मध्ये किंग जॉर्ज परत आले. ज्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गासाठी ५० टक्के जागा राखल्या, त्यांच्या नावाची पाटी अशी ये-जा करत राहिली. पन्नासचा आकडा मात्र रायबरेली रोडवर कायद्याच्या आधाराने उभा आहे.

शाहू महाराजांनी जागांच्या त्या हुकमाआधीच, १९०१ मध्ये, कोल्हापुरात वसतिगृह काढलं होतं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. खेड्यातल्या मुलाला जागा देऊन भागत नाही, तो रात्री झोपणार कुठे, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तुम्ही चौकशीला जाल तेव्हा श्रेणीच्या आधी हॉस्टेलचं विचारा: खोल्या किती, यादी कधी लागते, मेसचा खर्च किती. ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद दीक्षान्त समारंभासाठी इथे आले, तेव्हा त्यांनी मुलींच्या एका नव्या हॉस्टेलची पायाभरणी केली. त्याला नाव दिलंय सावित्रीबाई फुलेंचं.