रोमच्या भर चौकात

रोमच्या सहलीत कोलोसियम सगळेच बघतात. त्याला लागून असलेला फोरम मात्र बऱ्याच वेळा वरच्या रस्त्यावरूनच दाखवला जातो. "हा जुन्या रोमचा चौक" एवढं सांगून गाईड पुढे चालू लागतो, आणि आपल्याला दिसतात ते पडके खांब आणि गवत. मैत्रिणींनो, तुमचं कधी रोमला जाणं झालं तर कोलोसियममधला थोडा वेळ वाचवा, पण फोरममध्ये खाली उतरा. तिकीट दोन्हींचं मिळून एकच असतं. पायांत मात्र सपाट, घट्ट बसणारी पादत्राणं हवीत. तिथल्या काळ्या फरशा दोन हजार वर्षांच्या वापराने अशा गुळगुळीत आणि वरखाली झाल्या आहेत की नव्या सँडल्सची हौस तिथे भागवू नये. बाटली बरोबर ठेवा. रोममध्ये जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात.

दोन टेकड्यांच्या मधली ही जागा मुळात दलदलीची. फार पूर्वी इथून एक मोठं गटार काढून पाणी तायबर नदीत सोडलं, तेव्हा कुठे चौक झाला. इतिहासाची पुस्तकं राजांपासून सुरू होतात. ह्या चौकाची सुरुवात गटारापासून आहे, आणि ते गटार अजून शाबूत आहे बरं का! मग इथे बाजार आला, देवळं आली, न्यायालय आलं. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९मध्ये रोमन लोकांनी राजाला हाकलून दिलं, आणि पुढे राज्याचे बरेवाईट निर्णय ह्याच चौकात होऊ लागले. निर्णय घेणारे अर्थात सगळे पुरुष. बायकांना मत नाही, पद नाही.

तरीही दोन वेळा बायका इथे आल्या, आणि मला तरी सीझरपेक्षा त्यांचीच गोष्ट जास्त सांगावीशी वाटते.

इ.स.पू. २१६मध्ये हॅनिबलने कॅनीच्या लढाईत रोमचं सैन्य एका दिवसात कापून काढलं. घरोघरी सुतक. दुसऱ्या वर्षी कायदा झाला : कुठल्याही स्त्रीने अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही. आपल्या हिशेबाने सव्वा तोळासुद्धा नाही. रंगीत उंची वस्त्रं नेसायची नाहीत. सणावाराखेरीज शहरात गाडीतून फिरायचं नाही. युद्धाचे दिवस होते, बायकांनी मुकाट्याने मानलं. पण इ.स.पू. २०१मध्ये युद्ध जिंकलं, पुरुषांच्या अंगावर जांभळी किनार परत झळकू लागली, आणि बायकांचा कायदा मात्र जिथल्या तिथे! इ.स.पू. १९५मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रोमच्या बायका घराबाहेर पडल्या. फोरमकडे येणारे सगळे रस्ते त्यांनी अडवले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला गाठून सांगू लागल्या. आसपासच्या गावांतूनही बायका येऊन मिळाल्या.

त्या वर्षीचा एक कॉन्सल होता केटो. मोठा करारी माणूस. इतिहासकार लिव्हीने त्याचं भाषण दिलं आहे, त्याचा मथितार्थ असा की, प्रत्येकाने आपापल्या घरी बायकोला धाकात ठेवलं असतं तर आज ही वेळ आली नसती. आणि ह्यांना एकदा बरोबरीला आणलंत की त्या वरचढ झाल्याच समजा. (हे कुठे ऐकल्यासारखं वाटतं का?) त्याला उत्तर दिलं व्हॅलेरियसने. तुमच्या घोड्याच्या पाठीवर जांभळी झूल चालते, मग बायकोच्या अंगावर का नको, असा त्याचा साधा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी तर बायकांनी विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दारांनाच वेढा घातला आणि विरोध मागे घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. कायदा रद्द झाला.

दुसरा प्रसंग अधिक कठीण. सीझरचा खून झाला इ.स.पू. ४४मध्ये. त्याचं दहन ह्याच चौकात झालं. त्या जागेवरच्या देवळाच्या अवशेषात आजही कोणी ना कोणी फुलं ठेवून जातं. त्यानंतर ऑक्टेव्हियन, अँटनी आणि लेपिडस ह्या तिघांनी सत्ता हातात घेतली आणि विरोधकांच्या याद्या लावून त्यांना ठार मारायला सुरुवात केली. तरी युद्धाला पैसा पुरेना. इ.स.पू. ४२मध्ये त्यांनी चौदाशे श्रीमंत स्त्रियांवर कर बसवला. त्या आधी रीतीप्रमाणे ह्या पुढाऱ्यांच्या घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीने आणि अँटनीच्या आईने त्यांचं ऐकून घेतलं. अँटनीच्या बायकोने, फुल्व्हियाने, दारातूनच परत लावलं. तेव्हा त्या तशाच चालत फोरममध्ये आल्या. हॉर्टेन्सिया पुढे झाली. मोठ्या वक्त्याची मुलगी ती. ती म्हणाली त्याचं सार असं : आमचे वडील, नवरे, मुलगे तुम्ही आधीच नेलेत. आता आमची मालमत्ताही नेलीत तर आम्ही राहायचं कशावर? राज्यकारभारात आम्हाला वाटा नाही, मग कर कसला? परक्या शत्रूशी लढायचं असेल तर आमच्या आज्यांनी दिले तसे आम्हीही दागिने उतरवून देऊ. पण तुम्ही आपसांत लढणार, त्याला आमचा एक पैसा मिळणार नाही.

ज्यांच्या एका शब्दावर माणसांची मुंडकी उडत होती, त्यांच्यासमोर हे बोलणं! तिघे चिडले, शिपायांना बायकांना हुसकवायला सांगितलं, पण जमावाने गलका केला. दुसऱ्या दिवशी चौदाशेंच्या चारशे झाल्या आणि पैसेवाल्या पुरुषांनाही कराच्या कक्षेत आणलं. ते भाषण पुढे शंभरेक वर्षांनंतरही वाचलं जात होतं. स्त्रीचं म्हणून कौतुकाने नव्हे, चांगलं भाषण म्हणून, असं क्विंटिलियन नावाच्या शिक्षकाने लिहून ठेवलं आहे.

चौकाच्या वरच्या टोकाला सेप्टिमियस सेव्हेरस बादशहाची इ.स. २०३मधली कमान आहे. तिच्यावरचा लेख नीट पाहा. चौथ्या ओळीत मूळची अक्षरं खरवडून दुसरी बसवलेली कळतात. तिथे धाकट्या मुलाचं, गेटाचं नाव होतं. बाप वारल्यावर, इ.स. २११मध्ये, थोरल्या कॅराकॅलाने समेटाच्या निमित्ताने आईकडून त्याला बोलावून घेतलं. मारेकरी आत घुसताच गेटा आईला बिलगला, आणि ज्यूलिया डोम्नाच्या कुशीतच त्याला मारलं. तिच्या हातावरही वार बसला. आणि तिला रडायचीही बंदी! डोळ्यांत पाणी दिसलं असतं तर तीही गुन्हेगार ठरली असती. नाव खोडलेली ती ओळ पाहिली की दुसरं काही बघवत नाही.

बाहेर पडण्याआधी मॅक्सेन्शियसच्या भव्य कमानींपाशी थांबा. त्यांच्या खाली एके काळी मिऱ्यांची आणि मसाल्यांची कोठारं होती. मिरी कुठली? आपल्या मलबारची! रोमन स्वयंपाकात ती जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाचाही रोमशी व्यापार चाले. तिथे सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी मूर्ती पाँपेईत निघाली आहे. ह्या व्यापारात दर वर्षी किती पैसा पूर्वेकडे जातो ह्याचा प्लिनीने हिशेब मांडला, आणि खापर फोडलं ते चैनीवर आणि बायकांवर. पण इ.स. ४०८मध्ये अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा खंडणीत सोन्याचांदीबरोबर त्याने तीन हजार पौंड मिरी मागितली. म्हणजे जवळजवळ हजार किलो! ती मागणाराही पुरुष आणि मोजून देणारेही पुरुषच.

खंडणी देऊनही इ.स. ४१०मध्ये त्याने शहर लुटलंच. पुढे चौकावर माती चढत गेली, खांब निम्मे गाडले गेले, आणि कित्येक शतकं इथे गुरं चरत होती. लोक ह्या जागेला 'गाईंचं कुरण' म्हणत. सगळं नीट बघायला अडीच-तीन तास लागतात. सकाळी लवकर जा, कारण आत सावली अगदी थोडी आहे.