टाकीवरचा आकडा

भरणाऱ्याने नायट्रॉक्सची, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाची, टाकी मोजून दिली असली, तरी ती पाठीला लावून पाण्यात उतरणाऱ्याने ती स्वतः पुन्हा मोजावी, यावर टाकी भरणारा म्हणूनच मी ठाम आहे. ३२ टक्के ऑक्सिजनची २०० बारची टाकी करायची तर रिकाम्या टाकीत आधी सुमारे २८ बार शुद्ध ऑक्सिजन अगदी सावकाश सोडायचा आणि वर साधी हवा भरायची. गणित एवढंच. पण भरताना टाकी तापते, तापलेला वायू काट्यावर जास्त दाब दाखवतो आणि गार झाल्यावर त्या २८ चे २६ झालेले असतात. तळाला आधीचं मिश्रण उरलेलं असेल आणि ते हिशेबात धरलं नसेल, तर आकडा आणखी सरकतो. आणि चुकलेला ऑक्सिजन ओळखायला ना रंग असतो ना वास. ३३ मीटरवर ३२ टक्क्यांच्या मिश्रणात ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारच्या आत राहतो. तिथे टाकीत ४० टक्के निघाले तर तो १.७ च्या पुढे जातो. दाबाखालच्या ऑक्सिजनने आकडी येते हे पॉल बेर यांनी १८७८ मध्येच मांडलं होतं. पाण्याखाली ती बऱ्याचदा पूर्वसूचनेशिवाय येते, तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो.

यावर म्हणतात, आता मोठ्या साठ्यात तयार मिश्रण असतं, सगळ्या टाक्या त्यातूनच भरतात, मग प्रत्येक टाकी कशाला मोजायची? मिश्रण एकच असेल, पण बोटीवर रांगेत उभ्या टाक्यांमध्ये वर येतानाच्या थांब्यांसाठी आणलेली ५० टक्क्यांचीही एखादी असते आणि दिसायला ती इतरांसारखीच. साठ्याची मोजणी कितीही अचूक असो, हातातली टाकी कोणती हे ती सांगत नाही. म्हणून मोजल्यावर लगेच त्याच टाकीवर पट्टी चिकटवून टक्के, कमाल खोली, तारीख आणि सही लिहायची. मिनिटभराचं काम आहे. खरा वजनदार आक्षेप दुसराच आहे: ऑक्सिजन मोजणारा अ‍ॅनलायझरही चुकतो. त्याच्या सेलमधलं शिसं वापराविनाही झिजत जातं, आणि जुना सेल हवेत २०.९ बिनचूक दाखवून जास्त ऑक्सिजनला मात्र कमी आकडा देतो, म्हणजे नेमका धोक्याच्या बाजूला चुकतो. पण यावर उपाय मोजणी सोडणं हा नाही. हवेवर जुळवलेला अ‍ॅनलायझर अधूनमधून शुद्ध ऑक्सिजनवर धरावा. तिथे तो नव्वदीतच अडकला, तर हवेतला आकडा कितीही बरोबर असला तरी सेल बदलावा.