एकच खोली, दोन लेबले

ब्लू नोट आणि प्रेस्टिज या दोन अमेरिकन जॅझ-कंपन्यांवरून आम्हां दोघा सहकाऱ्यांत जुना वाद आहे. आमच्यापैकी एक ब्लू नोटचा पक्षपाती. आल्फ्रेड लायन यांनी १९३९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी ध्वनिमुद्रणाआधीच्या तालमींचेही वादकांना पैसे देई. तिच्या तबकड्यांना बांधीव घाट येतो तो त्यामुळेच, असे त्याचे म्हणणे. दुसरा प्रेस्टिजवाला. बॉब वाइनस्टॉक यांची ही १९४९ ची कंपनी तालमींवर खर्च करीत नसे. वादकांनी जमावे, वाजवावे, घरी जावे. वादनाचा ताजेपणा टिकतो तो अशानेच, हा त्याचा दावा. (हिंदुस्थानी संगीतावर पोसलेल्या कानांना हाच पक्ष जवळचा वाटावा, पण पहिल्याने हा युक्तिवाद कधीही मान्य केलेला नाही.)

गंमत अशी, की १९५० नंतरच्या त्या वर्षांत दोन्ही कंपन्यांच्या कितीतरी तबकड्या एकाच खोलीत मुद्रित झाल्या: न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरी, बैठकीच्या खोलीत. डोळे तपासून चष्म्याचे नंबर देणे हा व्हॅन गेल्डर यांचा तेव्हाचा पेशा! सनी रोलिन्स यांनी २२ जून १९५६ रोजी येथे प्रेस्टिजसाठी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ वाजवली आणि १६ डिसेंबरला ब्लू नोटसाठी आणखी एक तबकडी. दोन्हींत ड्रम्सवर मॅक्स रोच. म्हणजे खोली तीच, तंत्रज्ञ तोच, सॅक्सोफोन तोच, ठेका धरणारे हातही तेच. वाद निकालात काढायला याहून चांगली सोय कोणती?

एका संध्याकाळी एका स्नेह्याने वेष्टन न दाखवता आम्हांला यांतलीच एक रचना ऐकवली. अकरा मिनिटांहून मोठा, संथ चालीचा ब्लूज. रोलिन्स चार-दोन स्वर उचलतात, त्यांना वळवतात, तोडतात, मध्येच सोडून देतात आणि पुन्हा त्यांच्यापाशीच येतात. ब्लू नोटवाला तात्काळ म्हणाला, “ही बांधणी तालमीवाचून अशक्य.” प्रेस्टिजवाल्यानेही खिन्नपणे मान डोलावली.

वेष्टन प्रेस्टिजचे निघाले. रचना ‘ब्लू सेव्हन’. हिच्यातील सूत्रबद्धता उलगडून दाखवणारा गुंथर शुलर यांचा १९५८ चा लेख आम्हां दोघांनाही ठाऊक होता; रचना मात्र कानांनी ओळखली नाही.

रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांवरची टिपणे १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये छापली. त्या टिपणांतील फजितीचे नमुने आम्ही वर्षानुवर्षे वर्गात चवीने वाचून दाखवत आलो. त्या संध्याकाळनंतर तो भाग शिकवण्याची पाळी आली, तेव्हा ते काम तू कर, मी करतो, अशी आमच्यात बरीच टोलवाटोलवी झाली.

वाद अर्थातच मिटलेला नाही. ब्लू नोटवाल्याचे म्हणणे, एका रचनेवरून कंपनी ठरत नाही. प्रेस्टिजवाला जिंकला खरा, पण जिंकल्याचे सांगायला त्याला अजून तोंड नाही. मान त्यानेही डोलावली होती.